तलावावरची सावकाश गाणी

९ फेब्रुवारी

मास्तर,

मी स्वतःच्या हातानं केलेल्या वस्तू अशा: बिस्किटांच्या डब्यात बसवलेला पहिला अ‍ॅम्प्लिफायर, आणि त्यानंतरचे सहा, ते मात्र रीतसर लाकडी पेटीत. मावशीच्या घरची दोन सुरांची घंटा, पुढच्या दाराला वरचा सूर आणि मागच्याला खालचा, म्हणजे तुझ्या आईला उठायच्या आधीच कळावं की कुठल्या दाराकडे जायचं. शेजारच्या आंधळ्या शिक्षकांचा रेडिओ, त्याच्या चकतीवर प्रत्येक स्टेशनापाशी बोटाला लागेल अशी खाच. शिलाई मशीनच्या पायट्यावर चालणारं तार गुंडाळायचं यंत्र. पोहण्याच्या तलावावरचा कर्णा, पत्रा कापून, ठोकून, आतून रंगवून. त्याच तलावाचा टेप डेक. मोटर आणि हेड तेवढं विकतचं, बाकी पेटी, चाकं, पट्टा, बटणं, सगळं माझं. आणि अकरा उन्हाळ्यांच्या अकरा कॅसेटी, गाणी निवडून, क्रम लावून भरलेल्या.

ही यादी तुझ्यासाठी केलेली नाही. तुझं पत्र आलं त्याच दुपारी एक गृहस्थ दुकानात शिरले. त्यांचं हॉटेल आहे. गच्चीवर जुन्या वस्तू मांडून 'जुन्या उन्हाळ्यांची संध्याकाळ' असं काहीतरी करणार आहेत. न विचारता एकेक वस्तू उचलून बघत होते. "यातलं तुम्ही स्वतः काय केलंय?" म्हणाले. मी वरची यादी सांगितली. "शिक्षण कुठे झालं?" मी म्हटलं, "याच टेबलापाशी." मग त्यांनी हातातली वस्तू खाली ठेवली.

आता तुझं पत्र. तुझं डाव्या हाताचं अक्षर लागायला मला अर्धा तास लागला. उजव्या हातानं लिहायचास तेव्हा पाऊण तास लागायचा, तेव्हा सुधारणा आहे म्हणायची. फोन न करता पत्र पाठवलंस हे बरं केलंस. झटक्यानंतर फोनवरचं तुझं बोलणं मला धड कळत नाही, मी कळल्यासारखं 'हं, हं' करतो, आणि ते तुला बरोबर कळतं. त्यात दोघांचाही वेळ जातो.

तर मला समजलं ते असं. तुझा उजवा पाय अजून ओढतो. व्यायामाच्या बाई म्हणतात, गाण्याच्या तालावर चाला, पाय आपोआप उचलला जाईल. तू पोरांना पोहायला शिकवायचास त्या तलावाच्या लोकांनी यंदाचा हंगाम तुझ्या शिट्टीनं उघडायचं ठरवलंय, पंधरा एप्रिलला. आणि तू त्यांना कबूल करून बसलायस की ऑफिसच्या दारापासून खोल बाजूच्या भिंतीपर्यंत स्वतःच्या पायांनी चालत जाणार. चाकाची खुर्ची नाही, कुणाचा हात नाही. त्याच्या सरावासाठी तुला माझ्या उन्हाळी कॅसेटी हव्यात.

मिळतील. पण तशाच उचलून पाठवणार नाही. सगळं नीट, नव्यानं उतरवून देईन. थोडा धीर धर.

तुझा मावसभाऊ

१७ फेब्रुवारी

इंजिनियर,

तू इंजिनियर नाहीस हे माहीत आहे. तरी म्हणणार. तीस वर्षं म्हणतोय, आता बदलत नाही.

डाव्या हातानं लिहितोय म्हणून वाक्यं छोटी. धाकटी म्हणते, बाबा, तुमच्या स्वभावातही आला असता हा गुण तर बरं झालं असतं. लेक आहे, ऐकून घेतो.

घरातल्या बोळात चालतो. बोळ सरळ आहे, मी वाकडा. बाई 'एक-दोन, एक-दोन' म्हणतात. त्या आकड्यांवर पाय हलत नाही. मी आयुष्यभर दुसऱ्यांसाठी आकडे म्हटले, स्वतःसाठी कधी नाही. पण परवा मनातल्या मनात तुझं होडीवाल्याचं गाणं म्हटलं आणि चार पावलं नीट पडली. पाचव्याला गाणं विसरलो.

म्हणून कॅसेटी. लवकर पाठव. आणि फार साफ करू नकोस. तुझी सवय माहीत आहे.

मास्तर

२ मार्च

मास्तर,

सोबत पेनड्राइव्ह आहे. धाकटीला सांग, मोबाइलला नाही, मोठ्या स्पीकरला जोड.

काय केलंय ते सांगतो, नाहीतर तू म्हणशील नुसती कॉपी मारली. प्रत्येक कॅसेट उघडून आतली फीत नव्या डब्यात घातली. दुकानातल्या सगळ्यात चांगल्या डेकवर वाजवली, आणि त्या डेकची गती आधी मापाच्या फितीवर तपासून घेतली. फितीची खरखर काढली, पण गायकांचे श्वास ठेवले. श्वास काढणारे लोक मला कसाई वाटतात. मूळ गाणं स्टुडिओत ज्या गतीनं गायलं गेलं, त्याच गतीनं आता तुझ्या बोळात वाजेल. केसभर फरक नाही.

क्रम तोच आहे. पहिलं सायकलच्या घंटीचं, दुसरं होडीवाल्याचं, तिसरं त्या जड आवाजाच्या बाईचं. तिसऱ्यानंतरची मोकळी जागाही तशीच ठेवली आहे. आठवतं ना? तेवढ्या शांततेत तू शिट्टी फुंकायचास, काठावरची पोरं पाण्यात आणि पाण्यातली काठावर. लोकांना वाटायचं मास्तरांची वेळ किती अचूक. वेळ माझी होती, तू फक्त हवा फुंकायचास.

मी स्वतः पाण्यात कधी उतरलो नाही, पण या गावी हलवायच्या आधी दुकान तलावासमोरच होतं, त्यामुळे ऐकलं सगळं. ओल्या फरशीवर पायांचे ठसे उठायचे आणि गाणं संपेपर्यंत वाळून जायचे. क्लोरिनचा वास दुकानाच्या पडद्यातसुद्धा बसला होता. त्या कर्ण्यातून गाणी जरा जड, भरीव यायची, तशी ती आता कुठेच येत नाहीत. मी तेव्हाच ताडलं होतं की उन्हाळ्यात तापलेल्या हवेमुळे आवाज जड होतो. दोन-तीन शिकलेल्या लोकांना हे शास्त्र समजावलंही होतं. त्यांनी माना हलवल्या.

हॉटेलवाले गृहस्थ पुन्हा आले होते. आता त्यांना तलावाचा डेक हवाय. तो माळ्यावर आहे. तलावानं नवी यंत्रणा घेतली तेव्हा त्यांनी तो जसाच्या तसा परत पाठवला, मी जसाच्या तसा वर ठेवला. चालत्या यंत्राला उगाच हात लावू नये. मी म्हटलं, बघू.

चालायला लाग.

तुझा मावसभाऊ

१० मार्च

इंजिनियर,

मिळालं. फारच स्वच्छ. तबल्यावरचं बोटसुद्धा ऐकू येतं. धाकटी म्हणाली, काकांनी कमाल केली. मीही म्हणतो.

चालणं चालू आहे. काळजी नको.

एक विचारू? तेव्हा तलावावर गाणी थोडी सावकाश वाजायची का रे? थोडीशीच. माझ्या डोक्यातलंही असेल. नसेल तर सोडून दे.

मास्तर

१४ मार्च

मास्तर,

सावकाश?

तो डेक मी अकरा वर्षं दर हंगामाच्या आधी स्वतः तपासला. पेटी उघडायची, चाकं पुसायची, हेड साफ करायचं, गती मोजायची. अकरा वर्षांत काटा इकडचा तिकडे झाला नाही. तू शेजारी उभा राहून बघायचास आणि म्हणायचास, "वा, इंजिनियर, जशीच्या तशी!" आता तोच तू विचारतोस सावकाश होती का.

झटक्यानंतर माणसाचा काळाचा अंदाज बिघडतो असं मी वाचलंय. तुझ्या डॉक्टरांना विचार. गाण्यात काही बिघाड नाही आणि माझ्या यंत्रात कधीच नव्हता. नाचता येईना अंगण वाकडं, असं करू नकोस. सराव कर.

तुझा मावसभाऊ

२७ मार्च

प्रिय काका,

बाबांचं उत्तर आलं नाही म्हणून तुम्ही काळजीत असाल. ते ठीक आहेत, म्हणजे तब्येतीनं. मी हे पत्र त्यांना न सांगता लिहितेय. ते दुपारचे झोपले आहेत, त्यामुळे घाईत आहे.

काका, तुम्ही पाठवलेल्या गाण्यांवर बाबांना चालता येत नाही. पहिल्या दिवसापासून येत नव्हतं. पाय उचलतात आणि खाली ठेवेपर्यंत गाणं पुढे निघून गेलेलं असतं. मग ते धावत्या गाडीत चढणाऱ्या माणसासारखे अर्धवट उभे राहतात. मी म्हटलं, काकांना कळवू या. तर म्हणाले, "त्यानं एवढी मेहनत केलीय, गप्प बस."

मी मोबाइलवर गाणं हळू करून पाहिलं. पण त्यात गाणं हळू होतं आणि आवाज तोच राहतो. बाबा म्हणाले, "ही ती बाई नाही. ती जड आवाजात गायची."

तुमचं चौदा तारखेचं पत्र आल्यापासून त्यांनी चालणंच सोडलंय. त्यांनी ते पत्र मला वाचायला दिलं नाही, उशीखाली ठेवलंय. एवढंच म्हणाले, "डोक्याचाच दोष असणार. इंजिनियर म्हणतोय म्हणजे असणारच." काल तलावाच्या ऑफिसातून फोन आला तेव्हा मला त्यांनी सांगायला लावलं की मास्तर खुर्चीवरून येतील. काका, फोन ठेवल्यावर ते भिंतीकडे तोंड करून बसले. असे ते हॉस्पिटलातही बसले नव्हते.

एक विचारते. तलावावरचं ते मूळ मशीन अजून तुमच्याकडे आहे ना? तेच आणता येईल का? मी हे बाबांना बोलून दाखवलं तर एकदम दचकले. म्हणाले, "नको! त्याला ते उघडायला लावू नकोस." का, ते सांगत नाहीत. यंत्र उघडण्यात एवढं घाबरण्यासारखं काय असतं मला कळत नाही.

रागावू नका. माझं काही चुकलं असेल तर मला बोला, बाबांना नको.

तुमची पुतणी

३ एप्रिल

मास्तर,

धाकटीनं मला पत्र लिहिलं. तिला बोललास तर गाठ माझ्याशी आहे.

तिचं पत्र वाचलं आणि मी माळ्यावरून डेक उतरवला. तू गडबडीनं 'उघडू नकोस' म्हणाला नसतास तर कदाचित उघडला नसता. चोराच्या मनात चांदणं.

पेटीचे चारही स्क्रू मीच बसवले होते तसे होते, फक्त दोनांच्या खाचांवर ओरखडे. सुरीनं फिरवल्यावर पडतात तसले. मी सुरीनं स्क्रू फिरवत नाही. आत पट्ट्याचं डांबर झालं होतं, ते रबराचं होतंच, त्यात नवल नाही. नवल पुढे आहे. मोटरवरचं लहान चाक ठीक. आणि ते फिरवतं त्या मोठ्या जड चाकाच्या कडेला, पट्टा बसतो बरोबर तिथे, जखमेवर लावायची पांढरी चिकटपट्टी. सात फेरे. शेवटचं टोक कात्रीनं तिरकं कापलेलं, जसं तू पोरांच्या गुडघ्यांवर कापायचास. प्रथमोपचाराच्या पेटीतली पट्टी, माझ्या यंत्राला!

मी खुर्ची घेऊन बसलो. रागानं म्हण, कशानं म्हण. मोठं चाक आणखी मोठं झालं की फीत हळू ओढली जाते, हे कुणाला माहीत असणार? तुला मी एकदा सायकल उलटी करून हेच समजावलं होतं. तेव्हा तू जांभई दिली होतीस.

मग नवा पट्टा केला, चढवला आणि त्या पट्टीसकट डेक वाजवून पाहिला. पट्टीचा डिंक वाळून भुगा झालाय, त्यामुळे मधूनच घसरत होता. पण जेवढा वेळ धरून राहिला तेवढ्यात मोजलं. शंभरात पाच सावकाश. तीन मिनिटांचं गाणं नऊ सेकंद जास्त. आणि ती बाई जड आवाजात गात होती.

मास्तर, हे लिहायला मला आवडत नाही, पण नेमकं ते नेमकं. ते ऐकताना मला दुकानाचा पडदा दिसला, क्लोरिनचा वास आला. जे तुला पाठवण्यासाठी आठवडाभर घासूनपुसून उतरवलं, त्यात हे काहीच नव्हतं. तीच गाणी मी इतकी वर्षं रेडिओवर ऐकतोय आणि मनात म्हणतोय की गाणी आता घाईची वाटतात, वय झालं. गाणी घाईची झाली नव्हती. तापलेल्या हवेचं शास्त्रही मागे घेतो. ज्यांना समजावलं होतं ते आता भेटत नाहीत, बरंच आहे.

अंगण खरंच वाकडं होतं. तूच वाकडं केलं होतंस. पण वाकडं होतं. ती म्हण तुला लिहायला नको होती.

आता मला एवढंच सांग: का? आणि दर वर्षी मी तपासायचो तेव्हा पट्टी कुठे जायची?

डेक घेऊन बारा तारखेला येतो. तलावाच्या ऑफिसला धाकटीकडून फोन करव की खुर्ची नको.

तुझा मावसभाऊ

७ एप्रिल

इंजिनियर,

पकडलंस. सुटलो एकदाचा. इतकी वर्षं पोटात ठेवलं, उजव्या बाजूला झटका आला तरी ते पडलं नाही.

का ते ऐक. पहिल्या उन्हाळ्यात शिकाऊ पोरं काठाला धरून पाय मारायची. तुझ्या गाण्यावर. गाणं पोरांच्या पुढे पळायचं. पोरं गडबडायची, तोंडात पाणी, रडारड. एक मुलगी तर गाणं लागलं की काठ धरून किंचाळायची. मी तुझ्याकडे आलो. म्हटलं, थोडं हळू करता येईल? तू काय म्हणालास आठवतं? "यंत्र बरोबर आहे. पोरांना शिकव."

मग मी यंत्राला शिकवलं. सायकलीची शिकवणी तुझीच. जांभई दिली तरी ऐकत होतो. आधी एक फेरा. मग दोन. सातव्याला ती किंचाळणारी मुलगी काठ सोडून निघाली. तिथे थांबलो.

दर वर्षी तू यायच्या आदल्या दिवशी पट्टी सोलायचो. तू गेलास की नवी. तू काटा बघून खूश व्हायचास, मी म्हणायचो 'जशीच्या तशी'. खोटं नव्हतं. त्या दिवशी तशीच असायची. शेवटच्या वर्षी नवी यंत्रणा आली, डेक अचानक उचलून नेला. पट्टी आतच. तेव्हापासून वाट बघतोय तू कधी बोंबलत येतोस. तू उघडलाच नाहीस. वाईट वाटलं थोडं.

तेव्हा ऐक. या गावात जी पोरं पोहायला शिकली ती तुझ्या गाण्यांवर. पण माझ्या पट्टीवर.

ये. पट्टी काढू नकोस.

मास्तर

१८ एप्रिल

इंजिनियर,

तू शेवटची गाडी गाठायला पळालास, नीट बोलणं झालं नाही. म्हणून लिहितोय.

पंधरा तारखेचं मला मधलं आठवतं, शेवटचं धूसर आहे. ऑफिसचं दार. सायकलची घंटी. होडीवाला. मी बरा चाललो ना? मग ती बाई. शिडीपर्यंत आलो आणि तिचं गाणं संपलं. तुझी ती शांतता आली. मी अजून निम्म्या वाटेत. पण हाताला कोण सांगणार? हात आपोआप शिट्टीकडे गेला. डावा. फुंकली. झालं! पोरांनी धडाधड उड्या मारल्या. पाणी उडालं ते पार ऑफिसच्या काचेपर्यंत. पाहुणे भिजले. टाळ्या. हंगाम उघडला, आणि उघडणारा शिडीपाशी उभा.

मग चौथं गाणं लागलं. मी पुढे निघालो असं मला वाटतं. भिंतीला हात लावला असं मला वाटतं. पण सगळे पाण्याकडे बघत होते. धाकटी म्हणते, "बाबा, मी पाहिलं." ती त्या वेळी ओला दुपट्टा पिळत होती. लेक आहे, बापासाठी खोटं बोलते.

मला नेमकं हवंय. मी पोचलो की नाही? डोळ्यांवर पाणी, कानात गलका. मग कुणीतरी मला खुर्चीत बसवलं एवढं आठवतं. तू पंपाच्या खोलीत डेकपाशी होतास. तुला काही दिसलं का? तू कुणाचं मन राखायला खोटं बोलत नाहीस. उद्धट आहेस, पण त्याचा आज उपयोग आहे.

मास्तर

२२ एप्रिल

मास्तर,

मी पंपाच्या खोलीत नव्हतो. दारात होतो. डेक चालू झाला की त्याच्यापाशी बसून राहायचं काही कारण नसतं.

तू शिट्टी फुंकलीस तेव्हा मी कपाळाला हात लावला. मग सगळे पाण्याकडे वळले आणि मी तुझ्याकडे बघत राहिलो. चौथं गाणं लागल्यावर तू लगेच निघाला नाहीस. दोन ओळी जाऊ दिल्यास, मग उजवा पाय टाकलास. फरशी ओली झाली होती, म्हणून तू आतल्या कोरड्या बाजूनं गेलास. हे तुला कुणी सांगितलं नव्हतं. उडी मारायच्या फळीच्या पुढे तुझा पाय घासला, दोनदा. तिसऱ्यांदा उचलला. भिंतीपाशी पोचलास आणि हात लावायच्या आधी तळवा पँटला पुसलास. लहानपणी मावशीच्या हातातून काही घेताना पुसायचास तसा. मग हात लावलास, डावा नाही, उजवा. बोटं उघडली नव्हती, मूठच टेकवलीस. पण टेकवलीस. तलावाचा कामगार खुर्ची घेऊन आला तो त्याच्यानंतर. त्याच्या आधी तुला कुणी शिवलं नाही.

एवढं मी पाहिलं. पोचलास. हवं तर सही करून पाठवतो.

आता इकडचं. घरी आलो तर दुसऱ्याच दिवशी हॉटेलवाले गृहस्थ हजर. तलावावरची बातमी त्यांच्या कानावर गेली होती. डेक टेबलावर उघडाच होता. त्यांना तो हवाच होता, अकरा कॅसेटींसकट, गच्चीवर मधोमध ठेवायला. त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि नाक मुरडलं. "ही घाण पट्टी कसली? एवढी काढून टाका आणि मूळच्यासारखा करून द्या."

मी म्हटलं, "घाण नाही. चार दिवसांपूर्वीची आहे. जुनीचा डिंक गेला होता म्हणून नवी मी गुंडाळली."

"तुम्ही?" त्यांना माझी यादी आठवत असणार. "पण त्यानं गती चुकते ना?"

"चुकते."

"मग किती फेरे आहेत हे?"

आणि मास्तर, मला सांगता येईना. जुनी पट्टी सात फेऱ्यांची होती, पण नवी पातळ आहे. बारा तारखेला तुमच्या बोळात डेक मांडून बसलो, तू चालत होतास आणि मी फेरा चढवत होतो. तू अडखळलास की पेटी उघडायची, आणखी एक फेरा, पुन्हा लावायचं. गती मोजायचं यंत्र मी सोबत आणलं होतं, ते पिशवीतून बाहेर काढायचंच राहिलं. तुझा पाय ज्या फेऱ्याला अडखळायचा थांबला, तिथे मी कात्री लावली. मोजले नाहीत. त्या गृहस्थांना म्हटलं, "हवे तितके आहेत."

ते म्हणाले, पट्टी काढा, चाक पुसा, गती बरोबर करा, कॅसेटी द्या, आणि पेटीवर तुमच्या नावाची पितळी पाटी लावतो. पाटीवर नावापुढे 'इंजिनियर' लिहायचीही त्यांची तयारी होती. मी नाही म्हटलं. त्यांनी आकडा वाढवला. मी पुन्हा नाही म्हटलं आणि झाकण बसवलं, चारही स्क्रू, नीट पेचकसानं. तुझा सराव पुरा होईपर्यंत डेक तुझ्याकडे राहील. उद्या पाठवतो. धाकटीला सांग, उन्हात ठेवू नकोस.

शेवटचा आकडा तुला कळवून ठेवतो, नाहीतर म्हणशील इंजिनियर फुकटची ऐट मारतो. दोन लाख ऐंशी हजार.

तुझा मावसभाऊ